पश्चिमेच्या भिंतीला उभ्या फळ्या-पट्ट्या (बोर्ड अँड बॅटन): गोव्याच्या पावसात टिकेल असं कसं करायचं?

शिवोलीकर

नमस्कार. शिवोलीत घराचं काम चालू आहे. दोन्ही मजले चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), बाहेरून सिमेंटचा गिलावा. वरच्या मजल्याची पश्चिमेची भिंत ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. त्यावर दीड मीटर उंचीचा त्रिकोण येतो, कारण छप्पर दुपाखी, मंगलोरी कौलांचं आहे. ह्या बाजूला छप्पर भिंतीच्या बाहेर जेमतेम ३०० मिमी येणार आहे. भिंतीत १.२ × १.२ मीटरची एक खिडकी आहे. समुद्र फार लांब नाही.

ह्या भिंतीला उभ्या फळ्या आणि सांध्यांवर पट्ट्या अशी रचना करायची आहे. मेस्त (मिस्त्री) म्हणतो, १२ मिमी मरीन प्लाय थेट गिलाव्यावर ठोकू आणि वर दर फुटावर सागाच्या पट्ट्या मारू. हे टिकेल का? नाहीतर कुठलं साहित्य घ्यावं, मागे किती जागा सोडावी, खिळे कुठे मारावेत?

दुसरं, तळमजल्यावर हॉलच्या आतल्या भिंतीला (३.६ मीटर) कमरेपर्यंत असंच पॅनलिंग एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डात) करायचं मनात आहे. त्याबद्दलही सांगा.

---

फोंडा_सुतारकाम

प्लायचं काम आधी थांबवा. मरीन प्लायवर ७१० चा (आयएस ७१० ह्या भारतीय मानकाचा) शिक्का असतो. त्याचा मुख्य अर्थ थरांमधला गोंद पाण्यात सुटत नाही, हा. कापलेल्या कडा आणि वरचा पातळ पापुद्रा उघड्यावर ऊन-पाऊस खाण्यासाठी केलेला नसतो. पश्चिमेची झड, दुपारचं ऊन, पुन्हा झड असं चाललं की आधी पापुद्र्याला बारीक उभ्या चिरा जातात आणि मग कडेने थर उमलतात. शिवाय प्लाय गिलाव्याला चिकटून असेल तर मागे शिरलेलं पाणी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहतं. भिंत ओली, प्लाय ओला, आणि वाळवीला आडोसा आयता मिळतो.

ही रचना अमेरिकेतल्या कोठारांवर आणि शेतघरांवर रूढ झाली, त्याला कारण आहे. रुंद फळी ओलाव्याने फुगते, सुकली की आकसते, आणि सांध्यावरची पट्टी ती हालचाल झाकून घेते. आपल्याकडे जुन्या दारांच्या फळ्यांच्या सांध्यावर पट्टी मारतात, तीच युक्ती. त्यामुळे खिळा असा मारायचा की फळी हलू शकेल. हे चुकलं तर उरलेली सगळी मेहनत वाया जाते.

खरं लाकूड वापरायचं असेल तर भिंतीपासून बाहेर असं या:

भिंतीवर आधी २५ मिमी जाडीच्या उभ्या रिपा. त्यांच्यावर ५० × ३८ च्या आडव्या रिपा, दर ६०० मिमीवर. फळ्या उभ्या असल्याने त्यांना आधार आडवा लागतो. पण आडव्या रिपा थेट भिंतीवर मारल्या तर प्रत्येक रीप पाण्याला बांध घालते आणि हवाही अडवते. म्हणून खालच्या उभ्या रिपा सोडू नका. मेस्त लोक खर्च वाचवायला नेमक्या ह्याच गाळतात. आडव्या रिपेची वरची कड रंध्याने बाहेरच्या बाजूला थोडी उतरती करून घ्या, म्हणजे तिच्यावर थेंब ठरत नाही.

फळी १५० × २०, दोन फळ्यांत १० मिमी फट, वर ५० × २० ची पट्टी. म्हणजे पट्टी दोन्ही बाजूंना २० मिमी फळीवर बसते. उन्हाळ्यात साधारण १२-१३ टक्के ओलावा असलेलं सागवान ऐन पावसात १८ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि तेवढ्यात १५० मिमीची फळी दीड-दोन मिमी रुंदावते. १० मिमीची फट ते सहज सामावून घेते. मट्टी किंवा किंदळ ही इथली लाकडं सागापेक्षा जास्त हलतात. ते वापरायचे तर फळी १२० मिमीपेक्षा रुंद घेऊ नका.

आता स्क्रू. फळीला प्रत्येक आडव्या रिपेवर एकच, रुंदीच्या बरोबर मध्यावर, ५० मिमी लांबीचा. पट्टीचा स्क्रू ७५ मिमी लांबीचा, आणि तो फळ्यांमधल्या फटीतून सरळ रिपेत जायला हवा, कुठल्याही फळीतून नाही. फळीच्या दोन्ही कडा खिळ्यांनी आवळल्या की ती पावसात फुगून उचलते आणि जानेवारीत आकसताना मधोमध फाटते. उभी लांब चीर गेलेली फळी दिसली की बहुतेक वेळा खिळे दोन्ही कडांना सापडतात.

पट्टी लावताना तिची कापलेली टोकं बघा. वलयांचा बाक बघून गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवा. अशी पट्टी सुकताना तिच्या कडा फळीवर दाबून बसतात. उलटी लावली तर मधला भाग टेकतो आणि कडा उचलून पाणी आत घेतात.

फळीचं खालचं टोक सरळ कापू नका. साधारण ३० अंशांचा उतार द्या, पुढची कड खाली आणि मागची वर, म्हणजे थेंब पुढच्या कडेवरून सुटतो. टोकाच्या उघड्या नसा स्ट्रॉसारखं पाणी ओढतात. तिथे प्रायमर किंवा तेलाचे तीन हात, आणि तेही फळी भिंतीवर चढण्याआधी. बाकीच्या बाजूंनाही, मागच्या बाजूसकट, किमान एक हात आधीच मारून घ्या. नुसती पुढून रंगवलेली फळी मागून ओलावा घेते आणि वाकते.

स्क्रू स्टेनलेस ३१६ चेच. किनाऱ्याजवळ गॅल्वनाइज्ड स्क्रूचा मुलामा फार काळ टिकत नाही, आणि सागातल्या द्रव्यांशी लोखंडाची गाठ पडली की प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ उतरतो. तो घासून जात नाही.

---

पर्वरी_बांधकाम

वरचं सगळं बरोबर आहे. तरी पश्चिमेच्या, ३०० मिमी वळचणीच्या आणि वरच्या मजल्यावरच्या भिंतीला मी फायबर सिमेंट बोर्ड (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेला) सुचवेन. लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी परांची बांधून तेल किंवा रंग द्यावा लागेल, आणि वरच्या मजल्यावर ते काम मागे पडतंच. फायबर सिमेंटला वाळवी लागत नाही, ते कुजत नाही आणि ओलाव्याने फारसं हलत नाही.

पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचे (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेले) बोर्डही लोक दाखवतील. ते पाण्याला पक्के असतात, पण उन्हाला नाही. पीव्हीसीची २.४ मीटरची पट्टी तापमान ३० अंशांनी चढलं की चार मिमीच्या आसपास लांबते. पश्चिमेच्या उन्हात, त्यातही गडद रंगात, ती धनुष्यासारखी पुढे येते.

जाडी ८ मिमी, माप ८ × ४ फूट (२४४० × १२२० मिमी). एक बोर्ड ३० किलोच्या वर भरतो. वरच्या मजल्यावर दोन माणसं आणि पक्की परांची धरून चाला.

इथे सांगाडा लाकडी फळ्यांपेक्षा सोपा आहे. बोर्डाला उभा आधार चालतो, म्हणून एकाच थराच्या उभ्या पट्ट्या पुरतात आणि पाणी-हवा दोन्ही वरखाली मोकळी राहतात. ॲल्युमिनिअमचे ५० × २५ बॉक्स (पोकळ चौकोनी नळ्या), किमान दीड मिमी जाड, दर ४०० मिमीवर. बोर्डाचा सांधा येतो तिथे ५० चा बॉक्स अपुरा पडतो, कारण दोन्ही बोर्डांच्या कडा आणि पट्टीचा स्क्रू हे सगळं त्याच्यावर येतं. तिथे ७५ चा घ्या किंवा दोन बॉक्स शेजारी लावा. सिमेंटच्या गिलाव्याला ॲल्युमिनिअम थेट टेकवू नका. ओल्या सिमेंटचा क्षार त्याला खातो. प्रत्येक अँकरपाशी (बॉक्स भिंतीला धरणाऱ्या प्लग-स्क्रूपाशी) ३ ते ५ मिमीची पीव्हीसी किंवा रबराची चकती घाला. भिंतीचा ओळंबा चुकला असेल तर तोही तिथेच चकत्यांनी काढता येतो.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. चिऱ्यात पोकळ्या असतात आणि ठोक्याने भोक मोठं होऊन नायलॉनचा प्लग फिरत राहतो. १० मिमीचा लांब प्लग, चिऱ्यात किमान ७० मिमी, दर ६०० मिमीवर. गिलाव्याची जाडी ह्या ७० मध्ये मोजायची नाही. प्लग फिरतोय असं वाटलं तर तिथे जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारं चिकट रसायन) भरा. फिरणारा प्लग तसाच सोडून पुढे जाऊ देऊ नका. जूनमधला वारा बोर्डाला आत ढकलतो तसा बाहेरही ओढतो, आणि ती ओढ भिंतीच्या कडांना सर्वांत जास्त असते.

बोर्डाच्या कडेला स्क्रू दर २०० मिमीवर, मधल्या आधारांवर दर ३०० वर. कडेपासून १५ मिमी आणि कोपऱ्यापासून ५० मिमी आत. आधी भोक पाडा, स्क्रूपेक्षा २ मिमी मोठं. भोक न पाडता कोपऱ्यात स्क्रू घुसवला की कोपरा तुटतो, आणि तुटला नाही तरी केसासारखी चीर पडते. ती पहिल्या पावसात दिसते.

---

शिवोलीकर

खूप उपयोग झाला. फायबर सिमेंटच करतो. आता माल किती मागवू? आणि बोर्ड ८ फूट, भिंत जवळजवळ १० फूट, मग आडव्या सांध्याचं काय?

---

पर्वरी_बांधकाम

आडवा सांधा लपवू नका, दाखवा. २४४० मिमीच्या उंचीवर भिंतभर आडवी पट्टी घ्या. वरच्या बोर्डाच्या मागून येऊन खालच्या बोर्डावर उतरेल असा झेड आकाराचा ॲल्युमिनिअमचा पत्रा सांध्यात बसवा, वरचा पाय किमान ७५ मिमी. पत्रा आणि वरचा बोर्ड यांत ८ ते १० मिमी मोकळं ठेवा आणि ती फट सिलिकॉनने बुजवू नका. आतलं पाणी बाहेर यायची ती वाट आहे. सांगाड्याचे उभे बॉक्सही ह्याच रेषेत तोडा, म्हणजे उन्हाने लांबले तरी बोर्डाला ताण येत नाही.

हिशेब असा. ६ मीटरमध्ये १२०० मिमीचे पाच रकाने बसतात. बोर्ड ११९५ ला कापायचे, दोघांत ५ मिमी फट. खालच्या ओळीला पाच बोर्ड. वर उरलेला भिंतीचा ५६० मिमीचा भाग आणि त्रिकोण मिळून कडेच्या रकान्यांत उंची ५६० वरून ११६० वर जाते. दोन्ही कडेचे तुकडे एका बोर्डात निघतात. त्यांच्या आतले दोन रकाने ११६० ते १७६० उंचीचे आहेत, त्यांना एकेक बोर्ड. मधला शिखराचा रकाना २०६० चा, त्याला एक. म्हणजे वरती चार. एकूण नऊ, आणि तुटफुटीला एक धरून दहा.

पट्ट्या ६० मिमी रुंद, दर ४०० मिमीवर. १५ गाळे म्हणजे १६ पट्ट्या. सगळ्यांची लांबी मिळून ५९ मीटर होते. खिडकीची चौकट, आडवी पट्टी आणि वाया जाणारं धरून ७५ मीटर मोजा. एका बोर्डातून ६० च्या १९ पट्ट्या निघतात, म्हणजे दोन बोर्ड पुरेत. एकूण १२ बोर्ड. खिडकीचा भाग मी वजा केलेला नाही. त्यातून निघालेला तुकडा चौकटीच्या कामाला येतो.

बॉक्स ७५ मीटर, अँकर १३०, स्क्रू बोर्डासाठी ४०० आणि पट्ट्यांसाठी २००. सांध्यावरच्या पट्टीचा स्क्रू इथेही फटीतून बॉक्समध्येच जाईल. मधल्या पट्ट्या फक्त दिसण्यासाठी असतात, त्यांचा स्क्रू बोर्डातून गेला तरी चालतो.

कापताना उडणारी धूळ साधी नाही. तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. जिथे सरळ काप आहे तिथे टोकदार हत्याराने पट्टीच्या आधाराने खोल रेघ मारून बोर्ड मोडा. ग्राइंडर लागलाच तर उघड्यावर, पाण्याच्या धारेबरोबर, आणि माणसाच्या तोंडावर एन-९५ मास्क. रुमाल बांधून चालत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्याआधी प्रायमर मारा. कड उघडी राहिली की ती पाणी पिते आणि महिन्याभरात कडेलगत रंगाचे फोड येतात.

तळाशी आणि वळचणीखाली २० मिमीची फट उघडी ठेवा. तळाच्या फटीत भोकं पाडलेली ॲल्युमिनिअमची पट्टी किंवा स्टेनलेसची जाळी हवीच, नाहीतर गांधीलमाशा आणि पाली पोकळीत घर करतात.

---

चिरेबंदी_म्हापसा

आतल्या पॅनलिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तळमजल्याच्या चिऱ्याच्या भिंतीवर एमडीएफ लावू नका. हिरवट रंगाचा ओलावारोधक एमडीएफही नको. चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो, आणि ही ओल साधारण मीटरभर चढते. म्हणजे तुमचं पॅनलिंग असणार नेमक्या त्याच पट्ट्यात.

भिंत तपासा. ४५ सेंमी चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, फरशीपासून वीतभर वर. २४ तासांनी काढा. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव असेल किंवा गिलावा काळपट झाला असेल तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दव असेल तर ते खोलीतल्या दमट हवेचं. ही परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या. एप्रिलमध्ये गोव्यातली प्रत्येक भिंत पास होते. रंगाखाली पांढरा खार फुटलेला दिसत असेल तर परीक्षेचीही गरज नाही.

ओल असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, पॅनल नकोच, नुसत्या पट्ट्या. भिंतीला चुन्याचा किंवा श्वास घेणारा रंग द्या आणि त्यावर फायबर सिमेंटच्या ६० मिमीच्या पट्ट्या स्क्रूने बसवा. एकाच रंगात रंगवलं की पूर्ण पॅनलिंगचाच भास होतो. मला हा मार्ग जास्त आवडतो. भिंत उघडी राहते, आणि काही बिघडलं तर दिसतं. दुसरा, २० मिमीच्या पट्ट्यांवर ६ मिमी फायबर सिमेंट. मागे हवा खेळेल अशी तळाला आणि वरच्या कठड्याखाली (पॅनलिंगच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीखाली) फट ठेवा. कठडा भिंतीला चिकटवून वरची फट बंद केली तर हा खटाटोप व्यर्थ आहे.

कोणताही मार्ग घ्या, फरशीला लागून १०० मिमी कडाप्पा किंवा टाइलची स्कर्टिंग ठेवा आणि पट्ट्या तिच्या वरून सुरू करा. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. पट्टीचं टोक फरशीला टेकलं की ते रोज भिजतं.

३.६ मीटरचं गणित: ६० मिमीच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना एकेक. नऊ पट्ट्या घेतल्या तर (३६०० − ५४०) ÷ ८ = ३८२.५ मिमी गाळा. दहा घेतल्या तर (३६०० − ६००) ÷ ९ = ३३३ मिमी. कमरेइतक्या उंचीला मी दहा घेईन, गाळा उभट दिसतो. पट्ट्या कापण्याआधी मास्किंग टेपने भिंतीवर मांडून बघा आणि प्रत्येक स्विचबोर्ड व प्लग कुठे येतो ते पाहा. प्लगचा डबा अर्धा पट्टीवर आणि अर्धा भिंतीवर येत असेल तर गाळा पाच-दहा मिमी बदलण्यापेक्षा पट्ट्यांची संख्या बदला.

उंचीचंही तसंच. आपल्याकडे स्विचबोर्ड बहुधा १२०० ते १३५० मिमीवर असतात. वरचा कठडा १२०० वर घेतला तर तो बोर्डांना आडवा जातो. ९५० ते १००० वर थांबा. पट्टीची जाडी दाराच्या चौकटीच्या पुढे आलेल्या भागापेक्षा कमी हवी, नाहीतर चौकटीशी पट्टीची कड पुढे डोकावते. बारा मिमीच्या चौकटीला दहाची पट्टी चालते.

---

पेडणे_रंगकाम

रंगाचं थोडं. बोर्ड बसवून झाल्यावर अल्कलीरोधक प्रायमरचा एक हात, मग बाहेरच्या भिंतीसाठीचा शेवाळरोधक अॅक्रिलिक इमल्शन दोन हात. काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. मे महिन्यात वळवाच्या सरी येतात, आणि ओल्या बोर्डावर बसलेला रंग पहिल्याच उन्हात फुगतो. पट्टीच्या दोन्ही कडा रोलरने नीट भरत नाहीत, त्या ब्रशने आधी मारून घ्या. शेवाळ तिथूनच सुरू होतं.

आणि शिवोलीकरबाब, कौलं अजून बसायची असतील तर बॉक्सचा पैसा खर्च करण्याआधी छपराच्या रिपा त्या बाजूला आणखी ३०० ते ४५० मिमी बाहेर काढता येतात का, ते मेस्तला विचारा. पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधायचे, कारण झड आडवी येते आणि लहान वळचण तिला अडवत नाही. वळचण वाढली तर त्रिकोणाचा बराचसा भाग कोरडा राहील.

---

शिवोलीकर

रिपा अजून मारलेल्या नाहीत, बाहेर काढता येतील. एकच राहिलं. खिडकीच्या डोक्यावर काय करू? तिथे आत्ताच ओल दिसते.

---

पर्वरी_बांधकाम

आधी जुनी ओल कुठून येते ते शोधा. चौकट आणि चिरा यांच्यातली फट सिमेंटने भरली असेल तर तिथे चीर गेलेली असते. ती खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरा. क्लॅडिंग (बाहेरचं बोर्डांचं आवरण) ही ओल झाकेल, थांबवणार नाही.

मग खिडकीच्या वर झेड पत्रा. तो चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना ५० मिमी लांब घ्या आणि त्याची दोन्ही टोकं वर दुमडा, १० मिमी पुरे. टोकं सपाट राहिली तर पत्र्यावर जमलेलं पाणी कडेने घसरून नेमकं चौकटीच्या कोपऱ्यात उतरतं. वरून येणाऱ्या उभ्या पट्ट्या पत्र्यावर टेकवू नका, ६ मिमी वर थांबवा. बाजूच्या पट्ट्या आणि चौकट यांत सीलंट चालेल. डोक्यावर मात्र सीलंट नको, तिथून पाणी बाहेर पडू द्या.